पानगळीची पाने आवारातच राहू द्यावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माघ सरत आला की आमच्या वसाहतीतील देशी बदामाची पाने लालबुंद होऊन गळू लागतात, पाठोपाठ पिंपळ, करंज आणि कडुनिंब यांची पानगळ सुरू होते, आणि चैत्रपालवी फुटेपर्यंत रोज सकाळी आवारात पानांचा थर साचलेला असतो. या दीड-दोन महिन्यांत ती पाने खराट्याने एका कोपऱ्यात लोटली जातात आणि सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास ढिगाला काडी लावली जाते. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरची हवा काहीशी उबदार असल्यामुळे धूर वर न जाता खालीच पसरतो. आमचे घर तळमजल्यावर आहे. वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास येतो हे एक वेळ सोसता येईल, पण माझ्या सासूबाईंना दमा आहे आणि या दिवसांत दहा वाजेपर्यंत खिडकी उघडण्याची सोय राहत नाही. दवाने अर्धवट भिजलेली पाने धड पेटत नाहीत, नुसती धुमसतात, आणि धुमसणाऱ्या ढिगातून सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड अधिक बाहेर पडतो. पानांबरोबर झाडून आणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही त्यातच जळतात.

हे कायद्यालाही धरून नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रकरणी 5,000 रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवून दिली. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत बागेतील कचरा वेगळा करून आपल्याच आवारात साठवण्याची जबाबदारी रहिवाशांवर टाकलेली होती. तरीही पाने हा कचराच नव्हे, ती जाळली तर काय बिघडले, असे अनेकांना मनापासून वाटते. माझे माहेर कोकणातले. तिकडे पावसाआधी भाताचा राब भाजतात, त्याचा दाखलाही मला शेजाऱ्यांनी दिला. परंतु राब भाजण्यामागे रोपवाटिकेच्या जागेतले तणाचे बी मारणे आणि राख त्याच मातीला देणे हा हेतू असतो. आपल्याकडची राख पहिल्या पावसात गटारात वाहून जाते.

पहाटे शेकोटी करणाऱ्या पहारेकऱ्यांना यात दोष देणे मला योग्य वाटत नाही. गारठ्यात रात्रभर बाहेर बसणाऱ्या माणसाला सोसायटीने लोकरीचे कपडे आणि आडोसा दिलाच पाहिजे, आणि तो दिल्यावरच जाळू नका असे सांगण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो. आमच्या इमारतीत आम्ही हेच प्रथम केले.

पानांची सोय कशी लावली तेही सांगते, कारण ती कोणालाही करता येईल. चार वर्षांपूर्वी कुंपणासाठी आणलेली तारेची जाळी उरली होती. तिचे सुमारे तीन फूट व्यासाचे आणि तेवढ्याच उंचीचे पिंप करून करंजाखाली उभे केले. गळण्यापूर्वी झाड पानातील नत्राचा बराच भाग परत ओढून घेते, त्यामुळे वाळलेल्या पानात कर्ब फार आणि नत्र कमी असते, आणि नुसती पाने कुजायला वर्ष लागू शकते. म्हणून वीतभर पाने, त्यावर भाजीची देठे-साली आणि शेणकाला, पुन्हा पाने, असे थर देतो. मूठभर पाला घट्ट पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा इतकीच ओल ठेवायची, हा एवढाच नियम पाळावा लागतो. पहिल्या आठवड्यात ढिगात हात घातला की आतली ऊब जाणवते. काठोकाठ भरलेले पिंप महिन्याभरात निम्म्यावर येते, तेव्हा उरलेली पानगळ त्यातच मावते. फाल्गुनात भरलेले पिंप मृगाच्या तोंडावर उघडले की तळाशी काळे, भुसभुशीत खत मिळते आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असतो. शेजारच्या तीन इमारतींनीही आता अशी पिंपे केली आहेत.

सगळी पाने पिंपात जात नाहीत. महाशिवरात्रीच्या सुमारास मोगऱ्याची छाटणी करून खत घातले की कुंड्यांत आणि जास्वंद, कढीपत्ता यांच्या आळ्यांत दोन-तीन इंच जाडीचे पानांचे आच्छादन घालते. एप्रिल-मेमध्ये पूर्वी दोन वेळा पाणी द्यावे लागत असे, आता एक वेळ पुरते, आणि पाणीकपातीच्या दिवसांत त्याचे मोल वेगळे सांगायला नको. पाने खोडाला टेकू देऊ नयेत, नाहीतर खोड कुजते. पावसाळा सुरू झाला की गोगलगायी वाढतात, तेव्हा कुंड्यांतले आच्छादन काढून पिंपात टाकावे. डास होतील, साप येतील, अशी भीती रहिवाशांना वाटते. डासांची अळी साचलेल्या पाण्यात वाढते, ओलसर पाल्यात नव्हे. सापाची धास्ती मात्र अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही, म्हणून पिंप येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर असावे आणि त्यात उंदरांना बोलावणारे शिजवलेले अन्न टाकू नये.

एक गोष्ट आम्ही ठरवून केली नव्हती. करंजाखालची थोडी पाने तशीच राहू दिल्यापासून सकाळी सातभाईंचा थवा तिथे उतरतो. चोचीने एकेक पान उलटून बाजूला फेकायचे, खालचा किडा टिपायचा, कलकलाट करत पुढच्या पानाकडे वळायचे, हे त्यांचे काम पाऊण तास चालते. सासूबाई आता खिडकी उघडून ते पाहत बसतात.

पालिका प्रशासनाला आणि सोसायट्यांच्या कार्यकारिणींना माझी विनंती आहे की, पानगळ सुरू होण्यापूर्वी, म्हणजे डिसेंबरअखेरीसच, प्रत्येक आवारात आणि उद्यानात पानांसाठी जागा नेमून द्यावी. रस्त्यावरची पाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत न भरता गोणपाटात गोळा करून जवळच्या उद्यानातील खड्ड्यात नेण्याची व्यवस्था व्हावी. सफाई कर्मचाऱ्यांकडून दुपारपर्यंत रस्ता लख्ख झालाच पाहिजे असा आग्रह या दोन महिन्यांपुरता सैल करावा, कारण त्या घाईपोटीच काडी लावली जाते. आणि झाडांच्या बुंध्याभोवती फरशी किंवा काँक्रीट घातले असेल तिथे निदान तीन फुटांचे आळे मोकळे करावे, म्हणजे त्या झाडाची पाने त्याच्याच मुळाशी पडून राहू शकतील.

आपली,
एक वाचक