पास की विमान : लेकीस पत्र

पुणे

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

सुट्टीतील प्रवासाचा तू पाठवलेला आराखडा तुझ्या आईने व मी नकाशा समोर ठेवून वाचला. जर्मनीतील कार्ल्सरूहहून निघून प्राग, झाल्त्सबुर्ग, व्हिएन्ना, स्वित्झर्लंड, मिलान, बार्सिलोना आणि शेवटी लिस्बन, असा तुझा आणि सईचा हा मोठा फेरा आहे. तो सगळा रेल्वेच्या पासवर (म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच तिकिटावर) करावा की स्वस्त विमानांनी, असे तू विचारले आहेस. पासाचा उपयोग देशागणिक बदलत असल्यामुळे हा प्रश्न प्रत्येक टप्प्याला वेगळा विचारावा, असे मला वाटते.

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथे बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. हवामान बघून निघावे, एखादे गाव आवडले तर मुक्काम वाढवावा आणि दुसऱ्या दिवशीची गाडी पकडावी, ही मोकळीक तिथे पासामुळे खरोखर मिळते. फ्रान्सची टेजेव्हे, इटलीची फ्रेच्चारोसा आणि स्पेनच्या वेगवान गाड्यांना मात्र पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, आणि टेजेव्हेमध्ये पासधारकांसाठी ठेवलेल्या जागाही मोजक्याच असतात. अर्थात, तुमच्या तारखा आजच पक्क्या असतील तर जर्मन रेल्वेची आगाऊ काढलेली सवलतीची तिकिटे पासाहून स्वस्त पडू शकतात. पण ती ठरलेल्या गाडीलाच चालतात, आणि तुम्हा दोघींच्या तारखा पक्क्या राहतील यावर माझा फारसा विश्वास नाही.

म्हणून मिलानपर्यंत रेल्वेने जा. एका महिन्यात कोणतेही सात दिवस प्रवास करू देणारा पास त्यासाठी पुरेसा आहे. अठ्ठावीस वर्षांखालील तरुणांना तो सवलतीत मिळतो. व्हिएन्नाहून स्वित्झर्लंडमधील झ्युरिकला नाइटजेट नावाची रात्रीची रेल्वेगाडी आहे. ती मध्यरात्रीपूर्वी सुटते आणि वाटेत गाडी बदलावी लागत नाही, त्यामुळे पासाचा एकच दिवस खर्ची पडतो; झोपण्याच्या जागेचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी हॉस्टेलची एक रात्र वाचते. (विमानाने दीड तासात होते तर रात्रभर गाडीत कशाला, असे आईचे म्हणणे आहे.) स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेनच्या पुढे युंगफ्राउयोख या उंच खिंडीकडे जाणारी गाडी पासात येत नाही, तिच्यावर फक्त सवलत मिळते, हे खर्चात धरून ठेव.

स्वित्झर्लंडहून इटलीकडे उतरताना घाई करू नका. 2016 साली सुरू झालेल्या 57 किलोमीटर लांबीच्या गोटहार्ड बोगद्यातून वेगवान गाडी वीसेक मिनिटे अंधारातून जाते आणि डोंगर संपतो. जुना घाटमार्ग मात्र अजून चालू आहे. त्यावरची गाडी डोंगराच्या पोटात वळसे घेत चढते, त्यामुळे वासेन गावाचे पांढरे चर्च खिडकीतून तीनदा दिसते : आधी माथ्यावर, मग समोर आणि शेवटी पायाखाली. या गाडीला वेळ जास्त लागतो, पण तो लागू द्यावा.

मिलानच्या पुढे विमान बरे. बार्सिलोनाला रेल्वेने जायचे तर फ्रान्समधून गाड्या बदलत आणि आरक्षणे काढत पूर्ण दिवस मोडतो. माद्रिद व लिस्बन यांच्यामधली रात्रीची गाडी 2020 मध्ये बंद झाल्यामुळे लिस्बनसाठीही विमानच सोयीचे. मात्र तिकिटावरच्या आकड्याने हुरळून जाऊ नकोस. स्वस्त कंपन्यांचे 'मिलान' पुष्कळदा बेर्गामोला असते आणि 'बार्सिलोना' कधीकधी जिरोनाला, म्हणजे शहरापासून सुमारे नव्वद किलोमीटरवर. लोणावळ्याला उतरवून मुंबई आली म्हणण्यासारखेच हे आहे. बसचे भाडे, विमानतळावर आधी पोहोचण्याचा वेळ आणि मोठ्या सॅकचे शुल्क मिळवून मगच तुलना कर, कारण मूळ भाड्यात फक्त आसनाखाली मावणारी पिशवी धरलेली असते. शिवाय युरोपबाहेरचा पासपोर्ट असलेल्यांना काही कंपन्यांच्या काउंटरवर कागदपत्रे तपासून घ्यावी लागतात. त्यासाठीही वेळ राखून ठेव.

आणखी एक बाब. तू जर्मनीची रहिवासी असल्यामुळे तुला इंटररेलचा पास घ्यावा लागेल, आणि पुण्याहून येणाऱ्या सईला युरेलचा. देश दोन्हींत तेच आहेत, परंतु जर्मनीत तुझा पास दोनच दिवस चालेल, एकदा बाहेर पडताना आणि एकदा परतताना. म्हणून सईला आधी हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग दाखवायचे असेल तर तुझी तिकिटे वेगळी काढ. पासात ब्रिटनही आहे, पण तिथला व्हिसा वेगळा असतो, तेव्हा ऐन वेळी लंडनचा बेत करू नका.

विमानांची तिकिटे लवकर काढ, कारण त्यांचे भाडे चढत जाते. पास सई आल्यावर घेतलास तरी चालेल. बेर्गामो की मिलानचे दुसरे विमानतळ, हे ठरवून रविवारी फोन कर, म्हणजे पैसे सोमवारी बँकेतून पाठवता येतील.

तुझा,
बाबा