अनामत घेतली, आता तारीखही द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबरच्या सत्रासाठी ब्रिटनमधील विद्यापीठांचे ऑफर लेटर स्वीकारून आणि अनामत रक्कम भरून बसलेले अनेक विद्यार्थी सध्या नागपुरात आहेत. माझी मुलगी त्यांपैकीच एक. होकार कळवेपर्यंत वरचेवर आठवण करून देणाऱ्या विद्यापीठाने पैसे पोहोचल्याची पावती दिली आणि मौन धरले. विचारणा केली की ‘आपला अर्ज प्रक्रियेत आहे’ हे एकच ठरावीक उत्तर येते. या मौनापायी इथल्या घरांत काय काय अडून राहते, याची त्या विद्यापीठांना बहुधा कल्पना नसावी.

सारे अडते ते ‘कॅस’पाशी, म्हणजे प्रवेश पक्का झाल्यावर विद्यापीठ विद्यार्थ्याला देते त्या संदर्भ क्रमांकापाशी. विद्यापीठाने तो दिल्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचा अर्जच करता येत नाही, आणि अर्ज केल्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. व्हिसासाठी लागणारे क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र सहा महिनेच चालते, म्हणून तेही फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नसतो. खरी कोंडी मात्र पैशांची होते. शुल्क आणि राहण्याचा खर्च यांसाठीची रक्कम स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यातील असेल, तर ती सलग 28 दिवस खात्यात असल्याचे दाखवावे लागते आणि त्या 28 दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या आधीच्या 31 दिवसांत यावा लागतो. एक दिवस जरी शिल्लक ठरलेल्या आकड्याखाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कॅस कोणत्या आठवड्यात येईल हे सांगायला कोणी तयार नसल्यामुळे 28 दिवसांचा हा नियम प्रत्यक्षात दोन-दोन, तीन-तीन महिने पैसे गोठवून ठेवतो.

नोकरदार माणूस हे कसेबसे निभावून नेतो. पण काटोल, नरखेड, सावनेरकडच्या शेतकरी कुटुंबांतील मुलेही आता परदेशी शिकायला निघाली आहेत, आणि त्यांच्या वडिलांनी जून-जुलैत, ऐन पेरणीच्या दिवसांत, खात्याला हात लावायचा नाही म्हणजे बियाणे आणि खत उधारीवर उचलायचे. खात्यात स्वतःचे पैसे असताना दुसऱ्याकडे हात पसरण्याची ही वेळ केवळ एका तारखेअभावी येते. शैक्षणिक कर्ज घेणाऱ्यांना मान्यताप्राप्त बँकेच्या पत्रावर ही 28 दिवसांची अट लागत नाही, हे खरे; परंतु परदेशातील शिक्षणासाठी चार लाखांवरील कर्जात साधारणतः 15 टक्के वाटा कुटुंबालाच उचलावा लागतो, आणि खात्यातील त्या पैशांना ही अट लागतेच.

विद्यापीठांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांनी पुरस्कृत केलेल्या विद्यार्थ्यांपैकी ठरावीक टक्क्यांहून अधिक जणांचे व्हिसा नाकारले गेले, तर परदेशी विद्यार्थी घेण्याचा त्यांचा परवानाच धोक्यात येतो; 2025 मध्ये दहा टक्के असलेली ही मर्यादा पाच टक्क्यांवर आणण्याचे तेथील सरकारने त्याच वर्षी जाहीर केले. त्यामुळे कॅस देण्याआधी मुलाखती घेणे, बँकेची कागदपत्रे तपासणे हे ओघाने आलेच. तपासणीला कोणाचाच आक्षेप नाही. ती कोणत्या टप्प्यावर आहे आणि कधी संपेल, एवढे सांगायला कोणता नियम आड येतो, हे मात्र कळत नाही. आपले पासपोर्ट कार्यालयसुद्धा फाइल क्रमांकावरून अर्ज कुठवर आला ते दाखवते. आणि सरकारी कार्यालयांचे कौतुक करण्याची मला मुळीच सवय नाही.

दरम्यान इथल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या फेऱ्याही याच महिन्यांत उरकतात. आपल्याकडे निदान विद्यापीठ अनुदान आयोगाने 2024-25 च्या प्रवेशांसाठी, 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क परत करण्याचा आदेश दिला होता. ब्रिटनमधील अनामत सहसा व्हिसा नाकारला जाण्यासारख्या मोजक्या कारणांसाठीच परत मिळते. वाट पाहून थकलेल्या विद्यार्थ्याने माघार घेतली, तर ती बुडण्याचीच शक्यता अधिक. शहरातील सल्लागार संस्थांकडे जावे, तर ‘थोडा धीर धरा’ यापलीकडे काही हाती लागत नाही. त्यांचे मानधन बहुतांशी विद्यापीठाकडूनच येत असल्याने त्यांनी विद्यापीठाला खडसावून विचारावे, ही अपेक्षाही भाबडीच ठरते.

म्हणून विद्यापीठांनी अनामत स्वीकारतानाच, कागदपत्रे पूर्ण झाल्यापासून किती दिवसांत कॅस दिला जाईल हे लेखी कळवावे आणि ती मुदत विद्यापीठाकडून हुकल्यास विद्यार्थ्याला पुढच्या सत्रात प्रवेश किंवा अनामतीचा पूर्ण परतावा, यांपैकी हवे ते निवडू द्यावे. नागपुरात त्यांचे प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्या सल्लागार संस्थांनी या अटी पैसे भरण्याआधीच मराठीत पालकांच्या हाती द्याव्यात. आणि पुढील वर्षी जाऊ इच्छिणाऱ्यांच्या पालकांनीही असा कागद हाती आल्याखेरीज अनामत भरू नये.

आपला,
एक पालक, प्रतापनगर, नागपूर