दिवसाची वीज हवी, गायरानही हवं : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

साहेब, हे पत्र विरोधकाचं समजून बाजूला ठेवू नका. मी आटपाडी तालुक्यातला डाळिंब बागायतदार आहे आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला हवी आहे. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन बांधावरून चालायचं, स्टार्टरच्या पेटीला हात लावण्याआधी आत काही वळवळत नाही ना ते बघायचं, मोटार सुरू करून परत यावं तर फ्यूज उडालेला. हे ज्यानं केलंय त्याला दिवसाच्या विजेचं महत्त्व भाषणातून सांगावं लागत नाही. गावाजवळच्या सबस्टेशनलाच सौर प्रकल्प जोडून शेतीचा फीडर (शेतीपंपांची वेगळी वीजवाहिनी) दिवसा चालवायचा, ही कल्पना चांगलीच आहे.

अडचण जागेची आहे. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर लागतात आणि योजनेचं उद्दिष्ट आहे 16,000 मेगावॉटचं. त्यामुळे नजर जाते गायरानाकडे, म्हणजे गावच्या राखीव चराऊ जमिनीकडे. ते का, हेही आम्हाला कळतं. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आपण जाहीर केलंय, आणि आमच्या भागातल्या माळरानाला एवढं उत्पन्न कुठल्या पिकातून येणार? द्यायला शेतकरी तयार आहेत. पण सातबारा उघडला की वीस नावं. एक भाऊ मुंबईत गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात, बहिणीची सही राहिलेली, आजोबांची वारसनोंद अजून व्हायची. गायरानाला मालक एकच, सरकार. फाइल लवकर हलते.

मात्र त्या माळावर कुणी नाही असं जे धरलं जातं, ते चूक आहे. आटपाडी, जत, माण या पट्ट्यातले मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेव्हा सगळी रानं पेरलेली असतात. कुणाच्या बाजरीत मेंढरू शिरलं की भांडण ठरलेलं. त्या चार महिन्यांत कळप उभा करायला गायरानाशिवाय जागा नसते. माडग्याळची मेंढी ही जत तालुक्याची ओळख, तीही अशाच माळावर पोसलेली. आणि यात माझाही स्वार्थ आहे. डाळिंबाला लेंडीखतासारखं खत नाही. बाग धरायच्या आधी आम्ही पैसे किंवा धान्य देऊन रानात मेंढरं बसवतो. उद्या कळप मोडले, तर दिवसाची वीज मिळेल आणि खत दुकानातून आणावं लागेल.

कायद्याचं फार सांगत नाही, आपण स्वतः जाणकार आहात. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, आणि त्यानंतर राज्याच्या 12 जुलै 2011 च्या शासन निर्णयानं ठरवलं : दुसरी जमीन नसेल तरच सार्वजनिक कामाला गायरान. सौर प्रकल्प सार्वजनिक काम आहे, मान्य. दुसरी जमीन शोधली का, एवढंच विचारतो.

काही जण सांगतात, कालव्यांवर पॅनेल घाला. गुजरातेत नर्मदेच्या कालव्यावर 2012 मध्येच ते झालं. ऐकायला छान. पण लोखंड जास्त लागतं, गाळ काढायला मशीन आत उतरत नाही, आणि आमच्याकडे टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी बरंचसं बंद पाइपातूनच फिरतं. छप्पर घालायचं कशावर?

त्यापेक्षा आमच्याच जिल्ह्यातल्या ढालगावच्या पठारावर एकदा जाऊन या. तिथं पवनचक्क्या आहेत आणि त्यांच्या बुडाशी मेंढरं चरतात. पवनचक्कीवर आमच्या लोकांचे आक्षेप कमी नाहीत, पण चराई तिनं अडवली नाही. सौर प्रकल्पाला मात्र जाळीचं कुंपण येतं आणि माळ बंद होतो. आत पॅनेलखाली सावलीला गवत माजतं, ते कापायला ठेकेदार मजूर लावतो नाहीतर तणनाशक मारतो. तिथं मेंढरं सोडा ना! शेळी नको, ती वर चढेल आणि वायर कुरतडेल. मेंढी मान खाली घालून चरते. पॅनेल थोडं उंच बसवायचं, वायरी पाइपात घ्यायच्या, कुंपणाला फाटक ठेवायचं आणि स्थानिक कळपांना पाळ्या लावून द्यायच्या. खर्च वाढेल, त्यानुसार युनिटचा दरही थोडा वाढेल. तो वाढू द्या. आज ती किंमत मेंढपाळ एकटा मोजतोय आणि निविदेत ती कुठंच दिसत नाही.

ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, तीन वर्षं, असं अनुदान आपण देता. जमीन जाणार तीस वर्षांसाठी. त्या पैशातून गावात पेव्हर ब्लॉक बसतात, हे आपल्यालाही माहीत असेल. निम्मी रक्कम उरलेल्या गायरानावर गवताचं बी, समतल चर आणि जनावरांच्या पाण्याच्या टाकीसाठी राखून ठेवायची अट घाला.

फुटलेल्या पॅनेलचंही बघा. 2022 च्या ई-कचरा नियमांत पॅनेल आलेत, पण त्यांची जबाबदारी उत्पादकावर. गारपिटीत तडकलेलं आपल्या सौर पंपाचं पॅनेल गोठ्यामागं टेकवून ठेवणाऱ्या शेतकऱ्यानं ते नेऊन कुणाला द्यायचं? तालुक्याला एक संकलनाची जागा तरी जाहीर करा.

आणि शेवटची मागणी, जिला एक रुपयाही लागत नाही. गायरान देण्याचा ठराव 26 जानेवारीच्या ग्रामसभेत घेऊ नका. तेव्हा निम्मी वाडी मेंढरांमागं कृष्णाकाठाला नाहीतर कोकणाच्या वाटेवर असते. तो 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्या, गट नंबरचा नकाशा भिंतीवर लावून.

आपला,
आटपाडी तालुक्यातील एक डाळिंब बागायतदार
(जि. सांगली)