दोन झाकणं

सातारा, ९ जुलै

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या अंगणाचा फोटो पोचला. फायकसची तीन रोपं भिंतीकडेने छान रांगेत लावली आहेस. दोन वर्षांत भिंत हिरवीगार होईल, असं नर्सरीवाल्याने सांगितलं असेल. होईलच. पण माझी नजर गेली ती रोपांच्या पायाशी दिसणाऱ्या सिमेंटच्या दोन झाकणांवर. म्हणजे संडास-बाथरूमची लाइन बरोब्बर तिथूनच जाते, आणि फायकस म्हणजे वड-पिंपळाचा चुलतभाऊ. रागावू नकोस. रोपं गुडघ्याएवढी आहेत तोवरच सांगितलेलं बरं.

आपलं रबराचं झाडही फायकसच, आणि त्याचं तुला अर्धंच माहीत आहे. कुंडीत मावेना म्हणून १९९१ साली बाबांनी ते न्हाणीघरामागे जमिनीत लावलं. पंचवीस वर्षं काही त्रास नाही. मग एका आषाढात संडासात पाणी टाकलं की आतून बुडबुड ऐकू यायला लागलं, मोरी सावकाश उतरायला लागली. आम्ही ॲसिड ओतलं आणि विसरलो. गौरी जेवणाच्या दिवशी घरात वीस माणसं, पानं मांडलेली, आणि मोरीतून पाणी उलटं वर! तू तेव्हा बंगळूरला. तुला फोनवर "जरा तुंबलं होतं" एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आलेल्या माणसाने चेंबरमधून बांबूच्या पट्ट्या आत सारल्या, पीळ दिला आणि ओढलं. हातभर लांब, ओलं, पिवळट असं केसासारख्या मुळांचं अख्खं गंगावन बाहेर आलं. पाइपाची गोलाई त्याच्यावर जशीच्या तशी उमटलेली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, उलट जास्त दाट. मेंदीचं कुंपण छाटलं की कसं फुटतं, तसंच हे.

तिसऱ्या वर्षी बाबांनी खोदायला लावलं. जुनी लाइन तपकिरी स्टोनवेअरच्या, म्हणजे भाजक्या मातीच्या पाइपांची, एकेक तुकडा दोन फुटांचा. चाळीस फुटांत वीस तुकडे, आणि दर सांध्यात सुतळी नि सिमेंट. ते सिमेंट कधीतरी तडकलं, ओल बाहेर यायला लागली आणि मुळाला पत्ता लागला. आत शिरताना ते दोऱ्याएवढं होतं, पुढे बोटाएवढं जाड होऊन त्याने पाइपच उकलला. धड पाइप मूळ सहसा फोडत नाही गं, आधी फट असते.

शेजारचे काका मुळं मारायला मोरचूद टाका म्हणत होते. पण आपली सेप्टिक टँक, तिच्यातला मैला कुजवणारे जंतूच मेले तर काय करायचं? आणि टाकी उपसायला आलेला एकजण पोराला आत उतरवायला निघाला होता, तेव्हा बाबांचा आवाज गल्लीत ऐकू गेला. २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे, आणि आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत जातो. तुझ्याकडे कधी वेळ आली तर गाडी बोलाव, माणूस नको.

शेवटी सगळी लाइन पीव्हीसीची केली. वीस-वीस फुटांचे दोन पाइप, मध्ये एकच सांधा. चाळीस फुटांत एक फूट उतार दिला. दोन्ही चेंबर आतून नव्याने गुळगुळीत गिलावा करून घेतले, कारण विटांच्या सांध्यांतूनही मुळं येतातच. बाबा झाडही तोडायला निघाले होते. त्याला १९७५ च्या कायद्याप्रमाणे नगरपालिकेची परवानगी लागते, पण खरं सांगायचं तर मीच आडवी आले. गळतं ठेवलं आपण, आणि शिक्षा झाडाला? झाड उभंच आहे, आणि त्यानंतर एकदाही तुंबलेलं नाही.

तू एवढं कर. रविवारी दोन्ही झाकणं उचल. रोहितला वर बाथरूममध्ये बादली ओतायला सांग आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं ते बघ. बिल्डरकडे ड्रेनेजचा नकाशा असेल तर माग, नसेल तर तूच काढ. आपला नकाशा बाबांनी कालनिर्णयच्या पाठीमागे काढलाय, अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. एखाद्याच जागी गवत उगाच जास्त हिरवं दिसलं तर तिथे खाली पाइप गळतोय असं समज.

फायकस हवाच असेल तर मोठ्या कुंडीत लाव, आणि कुंडी फरशीवर ठेव. मातीवर ठेवलीस तर बुडाच्या भोकातून तो गुपचूप जमिनीत उतरतो. बांबू तर नकोच. लाइनीच्या जवळ तगर, जास्वंद, अनंत अशी बुटकी मंडळी चालतील. अनंताची फांदी मी कालच पिशवीत लावली आहे, मूळ धरलं की गणपतीला येशील तेव्हा ने.

तुझी,
आई