कृषी अभियांत्रिकीचे यश मोजायचे कशाने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांतील कृषी व जैव अभियांत्रिकी विभागांच्या अलीकडच्या यशाबद्दल ज्या बातम्या वाचायला मिळतात, त्यांचा साचा जवळजवळ ठरून गेला आहे. एखाद्या प्राध्यापकाला राष्ट्रीय पुरस्कार, संशोधनासाठी भरघोस अनुदान, विद्यार्थ्यांच्या संघाला स्पर्धेत पारितोषिक, मानांकनात वरचा क्रमांक, आणि सोबत ड्रोनचे नाहीतर यंत्रमानवाचे छायाचित्र. यांतले काही खोटे नसते आणि त्यामागच्या कष्टांविषयी आदरच आहे. परंतु या विभागांच्या हातून शेतीसाठी झालेले सर्वांत टिकाऊ काम अशा यादीत सहसा सापडत नाही. ते काम मोजमापाचे आणि नोंदी राखण्याचे आहे, आणि त्याकडे लक्ष वेधण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथे ट्रॅक्टरचा खप जोरात होता आणि जाहिरातींतले दावे त्याहून जोरात होते. निकृष्ट ट्रॅक्टर गळ्यात पडलेले विल्मट क्रोझर हे शेतकरी पुढे विधिमंडळात गेले, आणि त्यांच्या पुढाकाराने १९१९ साली कायदा झाला की ट्रॅक्टरचे मॉडेल राज्यात विकायचे तर आधी त्याची विद्यापीठात चाचणी झाली पाहिजे. १९२० मध्ये चाचण्या सुरू झाल्या आणि त्या प्रयोगशाळेचे काम आजही चालू आहे. पद्धत सांगायला सोपी आहे: काँक्रीटच्या धावमार्गावर ट्रॅक्टरमागे उपकरणांनी भरलेली गाडी जोडायची, तिचा भार टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा आणि ड्रॉबारवर, म्हणजे अवजार जोडण्याच्या मागच्या दांड्यावर, प्रत्यक्षात किती ओढ मिळते, चाके किती घसरतात, तासाला किती इंधन जळते, हे टिपून घ्यायचे; पीटीओवर, म्हणजे जोडलेली यंत्रे फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या दांड्यावर, मिळणारी शक्ती वेगळी मोजायची. अहवाल सर्वांसाठी खुला असतो. त्यातली सोयीची तेवढीच वाक्ये उचलून जाहिरात करण्यास कंपन्यांना मनाई होती, ही तरतूद तर आजच्या कित्येक क्षेत्रांनी उसनी घ्यावी अशी आहे. या प्रयोगशाळेने स्वतःचा ट्रॅक्टर कधी बाजारात आणला नाही, पण ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याला विक्रेत्याच्या शब्दापलीकडे विसंबायला काहीतरी दिले.

दुसरे उदाहरण मातीच्या धुपेचे आहे. १९५४ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने पर्ड्यू विद्यापीठात एक केंद्र उभारले आणि देशभरात विखुरलेल्या प्रयोगांच्या नोंदी तेथे एकत्र आणायला सुरुवात केली. प्रत्येक पावसानंतर प्रयोगाच्या उतरत्या वाफ्याच्या तळाशी पिंपात साठलेले पाणी आणि गाळ मोजायचा, एवढेच ते काम, आणि ते वर्षानुवर्षे करायचे. तुलनेसाठी प्रमाण वाफाही ठरवला होता: लांबी ७२.६ फूट, उतार ९ टक्के, जमीन पिकाविना पडीक आणि मशागत उताराच्या दिशेने. ४९ ठिकाणच्या दहा हजारांहून अधिक वाफा-वर्षांच्या (एका वाफ्याची एका वर्षाची नोंद म्हणजे एक वाफा-वर्ष) नोंदींतून धुपेचे जे समीकरण तयार झाले, ते १९६५ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले आणि पुढे जगभर वापरात आले. पावसाचा जोर, मातीचा स्वभाव, उताराची लांबी, त्याची तीव्रता, जमिनीवरचे आच्छादन आणि बांधबंदिस्ती अशा सहा घटकांच्या गुणाकारातून वर्षाला सरासरी किती माती जाईल याचा अंदाज त्यातून बांधता येतो. गाळाने भरलेले ते पिंप मोजणाऱ्यांपैकी कुणाचे छायाचित्र छापून आल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

पर्ड्यूच्याच कृषी व जैव अभियांत्रिकी विभागाने धान्याच्या कोठारांत माणसे गाडली जाण्याच्या अपघातांची नोंद गेली अनेक दशके ठेवली आहे. ओलाव्याने खराब झालेले धान्य गोळा होते, त्याची पापडी धरते, ती फोडण्यासाठी कामगार आत उतरतो आणि खालून धान्य ओढणारे यंत्र चालूच असते. वाहते धान्य माणसाला अर्ध्या मिनिटाच्या आत गिळू शकते, आणि तो कमरेपर्यंत रुतला तरी दोरीने वर ओढणे जवळजवळ अशक्य होते. अपघाताचे मूळ बहुतेकदा खराब झालेल्या धान्यात असते, हे अशा नोंदींतूनच पुढे आले. म्हणजे साठवणीआधी धान्य नीट वाळवणे हा सुरक्षिततेचाही भाग ठरला.

याचा अर्थ नव्या यंत्रांचे कौतुक करू नये असा नाही. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी मक्याच्या दोन ओळींमधून, पानांच्या खालून चालणारे छोटे यंत्रमानव तयार केले आहेत. दाट पानांखाली उपग्रहाचे संकेत नीट पोहोचत नाहीत, म्हणून यंत्राला कॅमेरा आणि लेझरच्या मदतीने स्वतःच वाट काढावी लागते, आणि हे खरोखरच अवघड काम आहे. पण मग माणसाने हात लावल्याशिवाय ते किती अंतर जाते, पाने आडवी पडलेल्या आणि तणाने भरलेल्या शेतात ते अंतर किती घटते, हे बातमीत यायला हवे. ‘यशस्वी प्रात्यक्षिक’ या दोन शब्दांतून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

यंत्र उत्तम चालले तरी हिशेब तेथे संपत नाही. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात कृषी अभियंते कोबी लोरेन्झेन आणि भाजीपाला पैदासकार जॅक हॅना यांनी टोमॅटो काढणीचे यंत्र आणि त्याला सोसेल असे टणक, एकाच वेळी पिकणारे वाण जोडीने विकसित केले. अभियांत्रिकी म्हणून ते निर्विवाद यश होते, आणि दशकभरात प्रक्रियेसाठीच्या टोमॅटोची जवळजवळ सगळी काढणी यंत्राने होऊ लागली. त्याच काळात त्या राज्यातील टोमॅटो उत्पादकांची संख्या सुमारे ४,००० वरून सुमारे ६०० वर आली, असंख्य मजुरांचे काम गेले आणि १९७९ मध्ये विद्यापीठाच्या यांत्रिकीकरणाच्या संशोधनाविरुद्ध खटला उभा राहिला. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचा लाभ कुणाला झाला, हा प्रश्न विचारणारे काही यंत्राचे शत्रू नव्हते.

म्हणून विनंती अशी, की अशा विभागांच्या कामगिरीची बातमी देताना पुरस्काराच्या नावाबरोबरच चाचणी कुणी घेतली, ती प्रयोगशाळेत झाली की शेतात, किती हंगाम चालली आणि तिची आकडेवारी खुली आहे का, हे दोन ओळींत तरी द्यावे. विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकात हे नसेल, तर एक दूरध्वनी करून विचारून घेता येईल. ही माहिती मिळालीच नाही, तर तसेही स्पष्ट छापावे.

आपला,
एक वाचक