खरूज हट्टी नाही, सल्ला अर्धवट आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला ‘हट्टी खरूज’ हा लेख वाचला. ‘स्वच्छता राखा’ हे लेखकमहाशयांनी चार वेळा सांगितले आहे, आभार. दोन वेळा आंघोळ करणाऱ्या आमच्या घरात खरूज पाच महिने मुक्कामाला होती, म्हणून हे पत्र.

धाकट्याच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ आले. डॉक्टरांनी ५ टक्के परमेथ्रिनची, म्हणजे खरजेचा किडा मारणाऱ्या मलमाची, एक ट्यूब लिहून दिली, ‘रात्री लावा’ म्हणाले. आम्ही लावली, फक्त त्याला आणि फक्त खाजेल तिथे. मग मोठीला, मग ह्यांना, मग मला. सासूबाई ‘मला कुठे खाजतंय?’ म्हणून ठाम. पहिल्यांदाच लागण झालेल्याला खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात आणि तोवरही त्याच्याकडून दुसऱ्याला लागते, हे आम्हाला कोण सांगणार?

तिसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारले, ‘घरात माणसं किती?’ पाच. पाच जणांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा मलम लावून सकाळपर्यंत ठेवायचे, आठवड्याने पुन्हा. सासूबाईंनी सर्वांत शेवटी, भिंतीकडे तोंड करून लावले. मग खरूज गेली. तुमच्या पानभर लेखात ही गोष्ट एका ओळीतही नाही. गाद्या फेकून द्या, हे मात्र आहे! अहो, माणसाच्या अंगाबाहेर तो किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. चादरी-कपडे गरम पाण्यात धुवा, धुता न येणारे पिशवीत बांधून ठेवा, झाले.

किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते. तेही लेखात नाही. मी घाबरून रोज मलम लावत सुटले आणि कातडी सोलवटून घेतली.

मधल्या काळात दुकानातून ‘सगळ्या खाजेवर चालतं’ असे एक मलम आणले होते. दोन दिवस स्वर्ग. त्यात स्टेरॉइड निघाले. खाज दबली, पुरळ पसरले आणि दुसऱ्या डॉक्टरांना ती खरूज आहे हे ओळखूच येईना. तसल्याच मलमाची जाहिरात कालच्या लेखाच्या बरोबर खाली आहे. योगायोग असेल.

माझे मागचे पत्र आपण निम्मे कापून छापलेत. या वेळी कापायचेच असेल तर सासूबाई कापा, ‘एकाच रात्री सगळ्यांनी’ राहू द्या.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये. शेजारीही हाच पेपर येतो.)