ट्राउटच्या रंगबदलाची नोंद व्हावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुलू, तीर्थन खोरे, बरोट किंवा काश्मीरमधील पहलगाम, कोकरनाग या भागांत आपल्याकडचे पुष्कळ पर्यटक जातात आणि त्यांतील काही हौशी मंडळी रीतसर परवाना काढून नदीत गळही टाकतात. अशा वेळी एखादा नेहमीपेक्षा काळा, निळसर किंवा पिवळाधमक ट्राउट (थंड, वाहत्या पाण्यातला मासा) गळाला लागला, की त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरू लागते. त्याखाली बहुधा दोनच मते वाचायला मिळतात: एक तर नदीत विषारी रसायन मिसळले आहे, नाहीतर ही एखादी दुर्मीळ जात आहे. ही घाईची मते वाचून वाईट वाटते, कारण त्या गलबल्यात प्रत्यक्ष माशाकडे नीट पाहण्याचे राहूनच जाते.

ट्राउटचा रंग मुळातच स्थिर नसतो. त्याच्या त्वचेत काळे रंगद्रव्य असलेल्या, पिवळे-तांबडे रंगद्रव्य असलेल्या आणि ग्वानीन या द्रव्याच्या स्फटिकांमुळे चमकणाऱ्या अशा वेगवेगळ्या पेशी असतात, आणि आपल्याला दिसणारा रंग हा या सर्वांचा मिळून झालेला परिणाम असतो. त्यांपैकी पिवळ्या-तांबड्या रंगासाठी लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये माशाला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत. ती त्याला पाण्यातील बारीक कवचधारी जीव खाऊनच मिळवावी लागतात. ब्राउन ट्राउट आणि रेनबो ट्राउट या ट्राउटच्या दोन जाती. त्यांपैकी समुद्राकडे निघालेला ब्राउन ट्राउट रुपेरी होतो आणि विणीच्या हंगामातला नर गडद होतो. अशा फरकांमुळे एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील काही अभ्यासकांनी या एकाच ब्राउन ट्राउटच्या अनेक जाती मानल्या होत्या. त्या सगळ्या एकाच जातीत मोडतात असे आग्रहाने मांडणाऱ्यांत फ्रान्सिस डे होते. भारतातील मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षकपद भूषवलेल्या याच डे यांनी १८६० च्या दशकात निलगिरीत ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला होता, तो मात्र तेव्हा फसला.

अधिक काळजीपूर्वक पाहावा असा रंग काळा आहे. तळ फिकट असेल तर ट्राउट फिकट होतो, गडद असेल तर गडद होतो, आणि हे घडवून आणण्यासाठी त्याला डोळे लागतात. डोळ्यांनी टिपलेल्या प्रकाशानुसार मज्जातंतू आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारी संप्रेरके काळ्या रंगपेशींमधील रंगद्रव्य पसरवतात किंवा गोळा करतात. आंधळ्या ट्राउटला भोवतालचा उजेड कळत नाही आणि त्यामुळे पांढऱ्या वाळूवरही तो काळाच राहतो. डोळ्याच्या भिंगात शिरणाऱ्या एका परजीवी चपट्या कृमीमुळे असे अंधत्व येते. या कृमीच्या जीवनचक्रात पाणगोगलगाय आणि मासे खाणारे पक्षी यांचाही वाटा असतो. म्हणून काळा मासा हाती आला तर सर्वांत आधी त्याचे डोळे पाहावेत, ते दुधाळ दिसतात का हे तपासावे. केवळ शेपटीकडचा भाग काळा असेल, तर प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर असतो. व्हर्लिंग डिसीज या रोगात एक सूक्ष्म परजीवी लहान ट्राउटच्या कूर्चेवर वाढतो, त्यामुळे पाठीच्या कण्याजवळ सूज येऊन रंग नियंत्रित करणाऱ्या मज्जातंतूंवर दाब पडतो, शेपूट काळी पडते आणि मासा स्वतःभोवती गरगर फिरू लागतो. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या मॅडिसन नदीत रेनबो ट्राउटची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली, तेव्हा याच रोगाकडे बोट दाखवले गेले.

आल्प्सच्या उत्तरेकडील पायथ्याशी, म्हणजे बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील काही नद्यांत, उन्हाळ्याच्या अखेरीस ब्राउन ट्राउटचे संपूर्ण अंग काळे पडते, ते सुस्त होतात आणि मोठ्या संख्येने मरतात. त्याच पाण्यातील रेनबो ट्राउटना मात्र काही होत नाही. हे अनेक वर्षे घडत आले आहे. कारण म्हणून रिओव्हायरस गटातील एका विषाणूचे नाव २०१८ साली पुढे आले, पण पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तो त्यामागचा रोगकारक नसल्याचे दिसून आले. जिथे प्रयोगशाळा आणि अनेक वर्षांच्या नोंदी हाताशी आहेत, तिथेही निष्कर्ष इतक्या सावधपणे काढावा लागतो. एका छायाचित्रावरून नदी विषारी ठरवणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते. प्रदूषणाची भीती खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. पण ती खरी असेल, तर ती पाण्याच्या आणि कल्ल्यांच्या तपासणीतून सिद्ध व्हायला हवी.

निळ्या आणि पिवळ्या माशांबाबत चिंतेचे कारण सहसा नसते. पिवळे रंगद्रव्य कमी पडले की हिरवट दिसणारी त्वचा निळी दिसते. पिवळ्या माशांपैकी पुष्कळसे मासे वाढवणाऱ्या संवर्धन केंद्रांतून आलेले असतात: १९५५ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात रेनबो ट्राउटच्या पिलांमध्ये एक पिवळसर पिलू आढळले, त्यातून सोनेरी वाण तयार करण्यात आला आणि १९६३ पासून तो नद्यांत सोडला जाऊ लागला. त्वचेवर विखुरलेले मिरपुडीसारखे बारीक काळे ठिपके बहुधा परजीवी कृमींच्या पिलांभोवती जमलेल्या काळ्या रंगद्रव्याचे असतात, आणि असा मासा पूर्ण शिजवून खाल्ला तर माणसाला अपाय होत नाही.

या सर्व गोष्टींचा विचार करून माझी एक मागणी आहे. हिमाचल आणि काश्मीरच्या मत्स्यविभागांनी गळ टाकण्याच्या परवान्यासोबत एक साधे नोंदपत्रक द्यावे, त्यात माशाची जात, ठिकाण, तारीख, पाण्याचे तापमान, दोन्ही डोळ्यांची स्थिती आणि बदललेला रंग नेमका कोणत्या भागावर आहे एवढेच भरायचे असावे. मेलेला विचित्र रंगाचा मासा मिळाल्यास तो गोठवू नये, बर्फावर थंड ठेवून लवकरात लवकर जवळच्या संवर्धन केंद्रात पोचवावा, कारण गोठवल्याने ऊती फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याजोगे काही उरत नाही. एका ओढ्यातील चिखलाने माखलेले बूट आणि जाळी धुऊन, पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या ओढ्यात नेऊ नयेत, कारण व्हर्लिंग डिसीजचे बीजाणू चिखलात दीर्घकाळ तग धरतात. या नोंदी उत्तराखंडातील भीमताल येथील शीतजल मत्स्यसंशोधन संस्थेकडे एकत्र झाल्या, तर आपल्या वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांनाही अभ्यासासाठी मोलाची सामग्री मिळेल. आपल्या दैनिकातही अशा माशाचे छायाचित्र छापण्याची वेळ आली, तर त्यासोबत नदीचे नाव, तारीख आणि माशाच्या डोळ्यांची स्थिती अवश्य द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
मत्स्यशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, पुणे